बोर्ड ऑफ रिव्ह्यूची तयारी: स्काउटिंगमध्ये नव्याने आलेल्या अमेरिकेतल्या आईबाबांसाठी

मुलाला ट्रूपमध्ये, म्हणजे स्काउटांच्या तुकडीत, घातलं की वर्षाच्या आत मराठी पालकांकडून, रँक मिळण्याआधी मोठी माणसं मुलाशी बोलायला बसतात त्या बोर्डाबद्दल, एक प्रश्न हमखास येतो: "बोर्डात काय काय विचारतात? प्रश्नांची यादी असेल तर पाठवा ना." यादी मिळते, नाही असं नाही. पण ती हाती पडल्यावर काही घरांत जे सुरू होतं ते बघवत नाही. एक्सेल शीट, प्रत्येक प्रश्नासमोर आदर्श उत्तर आणि रोज जेवणानंतर उजळणी. मग बारा वर्षांचं पोर बोर्डासमोर बसतं आणि "नेतृत्व म्हणजे इतरांना प्रेरणा देणं" असलं काहीतरी एका दमात म्हणून मोकळं होतं. मी आमच्या ट्रूपच्या कमिटीवर आहे, बोर्डावर बसते. घोकलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच कळतं, आणि त्यावर पुढे विचारायला काही उरत नाही. समोरच्या तिघांचीही पंचाईत होते.

ही तोंडी परीक्षा नाही, एवढं आधी डोक्यात पक्कं करा. बाकीची तयारी त्यावरच उभी आहे.

बोर्ड म्हणजे काय

फेब्रुवारी २०२५ पासून बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाचं नाव स्काउटिंग अमेरिका झालं, पण रँक त्याच राहिल्या: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. पहिल्या 'स्काउट' रँकला बोर्ड नसतं. अटी पूर्ण करून स्काउटमास्टरशी, म्हणजे ट्रूपच्या प्रमुख लीडरशी, बोलणं झालं की ती मिळते. टेंडरफूटपासून पुढे मात्र प्रत्येक रँकची शेवटची पायरी म्हणजे बोर्ड ऑफ रिव्ह्यू.

तुमच्यापैकी जे महाराष्ट्रात शाळेत स्काउट किंवा गाइड होते, त्यांना तृतीय सोपान आणि राज्य पुरस्काराची चाचणी शिबिरं आठवत असतील. गाठी मारून दाखवा, प्रथमोपचार करून दाखवा, नियम म्हणून दाखवा. तोच साचा मनात ठेवून आईबाबा इथेही मुलाला बोलाइन गाठ मारायला बसवतात. इथली पद्धत वेगळी आहे. हँडबुकात एखाद्या गोष्टीवर लीडरची सही झाली की ती झाली. बोर्डाने पुन्हा परीक्षा घ्यायची नाही, हे संघटनेच्या 'गाइड टू अ‍ॅडव्हान्समेंट' या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे. सांगितलेलं काम खरोखर झालं का, त्यातून मुलाला काय मिळालं, ट्रूप त्याला कसा वाटतो आणि पुढच्या रँकचा त्याचा काय विचार आहे, एवढंच बोर्ड बघतं. गाठीचा विषय निघालाच, तर "ही कुठे वापरलीस?" असा निघतो.

समोर तीन ते सहा मोठी माणसं बसतात, सगळी किमान एकवीस वर्षांची. लाइफपर्यंतच्या रँकना ती बहुधा ट्रूपच्या कमिटीतली असतात, म्हणजे इतर मुलांचे आईबाबाच. स्काउटमास्टर आणि त्यांचे असिस्टंट आपल्या ट्रूपच्या बोर्डावर बसत नाहीत, आणि मुलाचं कुणी नातेवाईकही बसत नाही. बोर्डावर कोण असावं हे मुलाला ठरवता येत नाही.

आणि तुम्ही? तुम्ही बाहेर. पालकांनी आत असू नये असाच सल्ला नियमपुस्तिका देते. अगदी हट्टच धरला तर निरीक्षक म्हणून बसू देतात, पण धरू नका. आई शेजारी असली की मूल प्रत्येक उत्तराआधी तिच्याकडे बघतं. हे तुमच्याही लक्षात आलं असेलच, डॉक्टरांकडे गेल्यावर.

ही प्रथा जवळजवळ संघटनेइतकीच जुनी आहे. पहिला ईगल स्काउट न्यूयॉर्क राज्यातला आर्थर एल्ड्रेड. १९१२ मध्ये त्याची मुलाखत घ्यायला खुद्द जेम्स वेस्ट, अर्नेस्ट थॉम्पसन सेटन आणि डॅनियल बेअर्ड ही संघटनेची सर्वांत वरची माणसं बसली होती. तुमच्या मुलासमोर त्या मानाने बरीच साधी माणसं असतील, आणि त्यातल्या एखाद्याच्या हातात कॉफीचा कागदी कप असेल.

पहिली पायरी: कागद

हे कंटाळवाणं काम आहे, पण बोर्ड पुढे ढकललं जातं ते बहुतेक वेळा यामुळेच. हँडबुकाच्या मागच्या पानांवर त्या रँकच्या प्रत्येक ओळीपुढे सही आणि तारीख आहे का, ते मुलाला स्वतः बघू द्या. कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटिंगमध्ये, तुम्ही घरी सही करत होतात. इथे ती लीडरची लागते. स्टार, लाइफ आणि ईगलला मेरिट बॅजही (एकेका विषयाचे) मोजावे लागतात: स्टारला सहा, लाइफला एकूण अकरा, ईगलला एकवीस, आणि त्यात ठरावीक संख्येने ईगलच्या सक्तीच्या यादीतले. ते पूर्ण केल्याची निळी कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. ट्रूप सगळं स्काउटबुक या ऑनलाइन नोंदवहीत ठेवत असला तरी ठेवा. ऑनलाइन नोंद आणि कार्ड यांच्या तारखा जुळत नाहीत असं होतं, आणि तेव्हा कार्डच उपयोगी पडतं.

स्टारपासून पुढे जबाबदारीचं पदही लागतं: स्टारसाठी चार महिने, लाइफ आणि ईगलसाठी सहा-सहा महिने. पद कधी घेतलं आणि कधी सोडलं, हे मुलाला तोंडपाठ नसलं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं.

बोर्डाची वेळ तुम्ही मागू नका. ज्याला रँक हवी त्याने स्वतः स्काउटमास्टरना किंवा अ‍ॅडव्हान्समेंट (रँकची कामं) बघणाऱ्या व्यक्तीला विचारायचं असतं. ट्रूपला ईमेल करताना तुम्ही सीसीत असलात तरी चालेल. ईमेल लिहिणारं मूलच असू दे. पहिला ईमेल लिहायला त्याला एक तास लागेल. लागू द्या.

दुसरी पायरी: स्काउटमास्टर कॉन्फरन्स

बोर्डाच्या आधी स्काउटमास्टरशी एक निवांत गप्पा होतात. मीटिंग चालू असताना हॉलच्या एका कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी दोन खुर्च्या टाकून. यातही पास-नापास नसतं, ती झाली की झाली. आपले पालक ही कॉन्फरन्स हलक्यात घेतात आणि बोर्डाचा बाऊ करतात, तिथे मला जरा उलटं वाटतं. मुलाला ओळखणारा, त्याच्याबरोबर चिखलात तंबू ठोकलेला माणूस त्याला शांतपणे विचारतो, "तुझं कसं चाललंय?" बोर्डाची सगळ्यात चांगली तयारी तिथेच होते. कॉन्फरन्सहून आल्यावर "काय विचारलं?" असं उलटतपासणीसारखं विचारू नका. रात्री आपोआप बाहेर येतं.

तिसरी पायरी: आठवणी काढणं

घरी वेळ द्यायचा असेल तर तो सगळा इथे द्या.

एक उदाहरण घेऊ. फर्स्ट क्लासला एका कॅम्पआउटचा मेनू ठरवायचा असतो, सामान आणायचं असतं आणि पॅट्रोलसाठी, म्हणजे ट्रूपमधल्या आपल्या छोट्या गटासाठी, स्वयंपाक करायचा असतो. बोर्ड म्हणतं, "स्वयंपाकाबद्दल सांग." घोकलेलं मूल म्हणतं, "मी टीमवर्क आणि नियोजन शिकलो." संपलं. आता दुसरं मूल बघा:

"मी पास्ता ठरवला होता. दुकानात गेल्यावर कळलं की एकाला ग्लूटेन चालत नाही, आणि ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. मग भात आणि राजमा घेतला. पण आठ जणांचा भात त्या छोट्या स्टोव्हवर शिजायला किती वेळ लागतो याचा मला अंदाज नव्हता. जेवायला साडेआठ वाजले. दोघं जण चिडले होते. मी त्यांना सफरचंदं दिली."

या उत्तरावर मला लगेच चार प्रश्न सुचतात. चिडलेल्यांना काय म्हणालास? मदतीला कोण होतं? पुढच्या वेळी कुणाला काय विचारशील? भांडी कुणी घासली? आणि मुलाला त्यातल्या एकाही प्रश्नाची तयारी करावी लागत नाही, कारण तो तिथे होता. वीस मिनिटं कधी जातात कळत नाही. नियोजन वगैरे सगळं त्या भातात आहे. ते शब्द त्याने उच्चारले नाहीत तरी बोर्डाला दिसतं.

तर घरी करायचं ते एवढंच. शेवटच्या रँकनंतरच्या कॅम्पआउटचे, सेवाकार्याचे आणि हाइकचे फोनमधले फोटो काढा आणि मुलाला बोलतं करा. "काय शिकलास?" हा प्रश्न वर्ज्य समजा, त्याला एकच छापाचं उत्तर येतं. "काय फसलं?", "कुणाचा राग आला?", "परत जायचं झालं तर काय बदलशील?" असं विचारा. गाडीत विचारलेलं बरं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. तो अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत सांगेल. भाषा सुधारत बसू नका आणि त्याच्या गोष्टीत तुमची भर घालू नका. पाच-सहा प्रसंग असे मोकळे झाले की पुरे.

आपल्याच घरांत जास्त दिसणारी एक अडचण आहे. आपल्या मुलांना "मी" म्हणता येत नाही. आपणच आपलं कौतुक करू नये हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य "आम्ही केलं", "आमच्या पॅट्रोलने केलं" असं येतं. मग बोर्डाला विचारावं लागतं, "आणि तू?" तिथे गप्प बसलेली अनेक मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याच तोंडून नंतर कळतं की तंबूंचं अख्खं सामान त्यांनीच लावलं होतं. बढाई मारायला शिकवू नका. "सामानाची यादी मी केली, दोन तंबूंचे खांब कमी होते ते मी कळवलं" हे नुसतं घडलेलं सांगणं आहे, एवढा फरक त्याला समजावून द्या.

चौथी पायरी: जे खरंच पाठ हवं ते

स्काउट ओथ (शपथ) आणि स्काउट लॉ (नियम). पुष्कळ बोर्डं सुरुवातीला ते म्हणायला सांगतात, थोडं स्थिरस्थावर व्हायला म्हणून. बोधवाक्य 'बी प्रिपेअर्ड' आणि 'डू अ गुड टर्न डेली' हे घोषवाक्य यांत मुलं गोंधळतात. दोन्ही वेगळी आहेत.

लॉमध्ये बारा गुण आहेत: विश्वासू, निष्ठावान, मदतीला तत्पर, मनमिळाऊ, सौजन्यशील, दयाळू, आज्ञाधारक, आनंदी, काटकसरी, धाडसी, स्वच्छ आणि श्रद्धावान. म्हणून दाखवल्यावर बहुधा विचारतात, "यातला तुला सगळ्यात अवघड कोणता?" इथे "सगळेच जमतात" हे उत्तर देऊ नये. सकाळी सहाला पावसात तंबू आवरताना आनंदी राहणं कुणालाच जमत नाही, समोर बसलेल्यांनाही नाही.

श्रद्धेच्या मुद्द्यावर आपली मुलं थबकतात. टेंडरफूटपासून प्रत्येक रँकमध्ये देवाप्रति कर्तव्य कसं पाळलंस हे सांगायचं असतं, आणि समोर बसलेले काका-काकू बहुतेक वेगळ्या धर्माचे. मुलाला वाटतं, चर्चमध्ये जातो तसं काहीतरी सांगायला हवं. अजिबात नको. आजीबरोबर फोनवरून आरती म्हणतो, गणपतीत देवळात बूट लावायला आणि प्रसाद वाटायला थांबतो, जेवणाआधी "वदनी कवळ घेता" म्हणतो, जे असेल ते. तुमच्या घरी पूजाअर्चा नसेल तर त्याला स्वतःला जे पवित्र वाटतं ते. त्याचा धर्म योग्य की अयोग्य हे बोर्डाने ठरवायचं नसतं. त्याने यावर विचार केलाय का, एवढंच बघायचं असतं. हिंदू मुलांसाठी कर्म नावाचं धार्मिक पदकही आहे, कब स्काउटसाठी धर्म. ज्यांना हा विषय सलग समजून घ्यायचा आहे त्यांनी ते जरूर करावं. रँकला मात्र ते लागत नाही.

पाचवी पायरी: तक्रार करायची सवय

"ट्रूपमध्ये काय आवडत नाही?" हा प्रश्न येणारच, आणि तो सापळा नाही. ट्रूप बरा चालतो की नाही हे कळायला कमिटीकडे बोर्डाइतकी चांगली जागा दुसरी नाही. पण मोठ्यांसमोर मोठ्यांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, या वळणाची आपली मुलं "सगळं छान आहे" म्हणून हसतात. त्याला सांगा की खरं बोलायला परवानगी आहे. "मोठी मुलं मीटिंगमध्ये फोनवर असतात आणि आम्हाला शिकवायला कुणी नसतं" हे अत्यंत उपयोगी उत्तर आहे. फक्त नावं घेऊ नकोस, आणि तू असतास तर काय केलं असतंस तेही सांग, इतकंच बजावा.

सहावी पायरी: एकदाच, दहा मिनिटं

सराव मुलाखत घ्यायची असेल तर तुम्ही घेऊ नका. ओळखीतले एखादे काका, मावशी, किंवा ट्रूपमधलाच मोठा स्काउट चालेल. जेवणाच्या टेबलाशी, इंग्रजीत, आणि एकदाच. सराव घेणाऱ्याने उत्तरं सुधारायची नाहीत; "हे मला कळलं नाही, नीट सांग" एवढंच म्हणायचं. दुसऱ्यांदा सराव केला की उत्तरं पाठ व्हायला लागतात आणि आपण पुन्हा एक्सेल शीटवर येतो.

त्या संध्याकाळी

युनिफॉर्म जेवढा आहे तेवढा पूर्ण, इस्त्री केलेला आणि शर्ट आत खोचलेला. बॅज जागच्या जागी आहेत का ते आदल्या आठवड्यात बघा. आदल्या रात्री सुईदोरा घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. मूल वाढलं, पँट आखूड झाली, नवीन घेणं जमत नाही, तर स्वच्छ नीटनेटके कपडे चालतात. युनिफॉर्म नाही म्हणून रँक नाकारता येत नाही. मेरिट बॅजची सॅश (खांद्यावरून घ्यायचा पट्टा) असेल तर घालावी. सोबत हँडबुक हवंच.

आत गेल्यावर नाव सांगायचं, हस्तांदोलन करायचं, बसायला सांगितलं की बसायचं. बोलताना समोर बघायचं. मान खाली घालून बोलणं आपल्याकडे नम्रपणाचं असेल, इथे ते बिचकल्यासारखं दिसतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगायचं. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं, आणि विचार करायला थांबायचं असेल तर थांबायचं. शांततेची बोर्डाला सवय असते.

लहान रँकना पंधरा मिनिटं लागतात, फार तर तीस. त्यानंतर मुलाला बाहेर पाठवतात, सदस्य आपसात बोलतात आणि पुन्हा आत बोलावून निकाल सांगतात. निर्णय एकमताने लागतो. बहुतेक वेळा हसून हात मिळवला जातो. क्वचित "अजून नाही" असं सांगितलं, तर काय राहिलं आणि पुढे काय करायचं हे त्याला स्पष्ट सांगितलं जातं, मागाहून लेखी पत्रही मिळतं, आणि निर्णय पटला नाही तर वर दाद मागता येते. ती दाद रीतसर मागा. पार्किंगमध्ये कमिटीतल्या कुणाला गाठून वाद घालू नका. मूल गाडीच्या काचेतून सगळं बघत असतं.

ईगलचं बोर्ड

बाकी सगळं वरचंच, फक्त जास्त सावकाश. अर्धा तास ते पाऊण तास धरा. बोर्डावर डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिलचा, म्हणजे संघटनेच्या वरच्या स्थानिक शाखांचा, माणूस असतो, त्यामुळे ट्रूपबाहेरचं कुणीतरी समोर असेलच. अर्जासोबत शिफारस देणाऱ्यांची नावं द्यावी लागतात: आईवडील, शाळा, धर्मसंस्था आणि आणखी काही. कोणत्याही धर्मसंस्थेशी संबंध नसेल तर ती शिफारस आईवडीलच देऊ शकतात. ही पत्रं गोपनीय असतात. मुलाला दाखवा म्हणून मागे लागू नका.

आपली महत्त्वाकांक्षा आणि जीवनाचा हेतू यांवरचं निवेदनही जोडायचं असतं. ते तुम्ही लिहून देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाच्या निवेदनात चाळिशीतल्या माणसाची वाक्यं लगेच उठून दिसतात, आणि बोर्ड नेमकं त्यावरूनच बोलणं सुरू करतं.

ईगलसाठी केलेल्या सेवा प्रोजेक्टबद्दल बरंच विचारतात. किती बाकं बांधली यापेक्षा लोकांना कसं कामाला लावलं, कुणी आलंच नाही त्या शनिवारी काय केलं, योजना कुठे बदलावी लागली, यात त्यांना रस असतो. प्रोजेक्टला किमान तासांची अट नाही, त्यामुळे तास फुगवून सांगण्याची गरज नाही. प्रोजेक्टच्या वर्कबुकची एक प्रत मुलाने आदल्या दिवशी नुसती चाळावी, महिन्यांपूर्वीचे आकडे आठवावेत म्हणून.

बोर्ड सोडून ईगलची बाकीची प्रत्येक अट अठराव्या वाढदिवसाच्या आत पूर्ण व्हायला लागते. बोर्ड त्यानंतर झालं तरी चालतं. तरीही जूनमध्ये वाढदिवस आणि मेमध्ये प्रोजेक्ट अशी गाठ घालू नका. एपी परीक्षा, प्रॉम आणि सह्यांसाठी गावभर फिरणं हे एकाच महिन्यात जमत नाही.

खालच्या रँकबद्दल एक शेवटचं. रँकची तारीख बोर्ड झालं त्या दिवसाची धरतात; बॅज कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे बॅज देण्याच्या समारंभात, दोन महिन्यांनी मिळाला तरी. स्टार, लाइफ आणि ईगलसाठी लागणारे महिने त्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून हँडबुकात बोर्डाची सही आणि तारीख दोन्ही पडली आहेत का, हे हॉलमधून निघण्याआधी मुलाला बघायला सांगा.